कोरले ते पांढरे, राहिले ते काळे

गेल्या वर्षी शाळेच्या सुट्टीत आमच्या लेकीला लिनोकटचा गृहपाठ मिळाला होता. पोस्टकार्डाएवढा लिनोलियमचा तुकडा, दोन कोरण्या, काळ्या शाईची ट्यूब आणि एक छोटा रूळ, एवढेच साहित्य. विषय तिने स्वतः निवडला, पुंगोल पॉइंटचा धक्का. तिने पेन्सिलीने धक्का काढला, पलीकडे पुलाउ उबिनची झाडी काढली, वर लख्ख सूर्य काढला, कोपऱ्यात मोठ्या हौसेने देवनागरीत ‘पुंगोल’ असे लिहिले आणि मग त्या सगळ्या रेघांवरून इमानेइतबारे कोरणी फिरवली. शाई लावली, वर कागद ठेवला, स्वयंपाकघरातल्या पळीच्या पाठीने घासला आणि उचलून पाहते तो काय! सगळा कागद काळाभोर, त्यात धक्क्याच्या बारीक पांढऱ्या रेघा आणि सूर्याच्या जागी काळी चकती. नावही उलटे. “आई, मी दिवस काढला होता, ही तर रात्र छापून आली!”

तिची समजूत काढता काढता मलाच जाणवले की हा घोटाळा तिचा एकटीचा नाही. आपण सगळे पेन्सिलीचे शिकलेले लोक. पेन्सिल जिथे फिरते तिथे काळे होते. बाकीचा कागद म्हणजे ‘काहीच नाही’. कोरण्याच्या कामात नेमके उलटे असते. हत्यार जिथे फिरते तिथे पांढरे होते आणि हात न लावलेला भाग काळा छापला जातो. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील, त्यांना संकल्पचित्राच्या तासाला सरांचे ओरडणे आठवत असेल : फुलाकडेच काय बघतोस, फुलामागची जागा बघ! तेव्हा ते कानावरून गेले. लिनोच्या तुकड्याने मात्र ते एका दुपारीत शिकवले.

यातली मेहनत जरा समजून घेण्यासारखी आहे. समजा, टाकाने एका चेहऱ्याची काळी बाह्यरेषा काढायची आहे. सरावलेल्या हाताला त्याला काही सेकंद लागतात. तीच काळी रेषा लाकडाच्या ठशात हवी असेल, तर रेषा काढताच येत नाही. तिच्या डाव्या बाजूचे लाकूड काढायचे, मग उजव्या बाजूचे काढायचे आणि मध्ये भिंतीसारखी उभी राहते ती रेषा. ही भिंत फार बारीक झाली तर तुटते. म्हणून काष्ठमुद्रेतला चित्रकार लवकरच शहाणा होतो. तो रेघांचा नाद सोडून काळ्या-पांढऱ्याच्या ठोक तुकड्यांत विचार करू लागतो, किंवा कोरणीचा स्वभाव ओळखून काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनीच चित्र काढतो. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्ताने काढलेले काठी टेकत निघालेले बापूजी आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. ते लिनोकट आहे. त्यातले गांधीजी पांढऱ्या रेघांचे आहेत, बाकी सगळा अंधार आहे. लेकीला ते चित्र दाखवले तेव्हा तिचे तोंड जरा उजळले. तिची ‘चूक’ अगदीच वाईट संगतीत नव्हती.

पांढऱ्याशी वागण्याच्या खरे तर तीन तऱ्हा दिसतात. शाईच्या चित्रात पांढरे राखायचे असते. कुंचला जिथे जात नाही तिथे ते राहते. लाकडात ते कोरून काढायचे असते. आणि आपल्या आया-आज्यांच्या रांगोळीत ते वरून टाकायचे असते, सारवलेल्या काळसर जमिनीवर चिमटीने. चिनी चित्रकलेत पहिल्या तऱ्हेला फार मान आहे. पांढरे राखण्याला त्यांच्याकडे ‘ल्यूपाय’ असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि अठराव्या शतकातल्या तंग शिरू या सुलेखनकाराची शिकवण अशी सांगतात की कोरी जागाही काळ्या फटकाऱ्याइतकीच मोजून मापून धरावी. याचा नमुना पाहायला फार लांब जायला नको. खिशातली पन्नास डॉलरची नोट काढा. १९९९ पासून निघालेल्या या नोटेच्या मागच्या बाजूला वेलींवरचे दोन गिबन आहेत. ते चेन वेन शी यांच्या शाईच्या चित्रावरून घेतले आहेत. वानरांची काळी लव, लांब हात, आणि त्यांच्या भोवती भरपूर हवा. ती हवा कुणी रंगवलेली नाही. पण ती नसती तर वानर लोंबकळले नसते, नुसते चिकटले असते.

आपल्या मराठी छापील जगातही काळ्या-पांढऱ्याचे हे गणित पैशाशी बांधलेले होते. जुन्या दिवाळी अंकांत रेखाचित्रे इतकी का, याचे एक साधे कारण म्हणजे ब्लॉकचा खर्च. छटा असलेल्या चित्राला जाळीचा हाफटोन ब्लॉक लागे, तो महाग. निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेखाचित्राचा लाइन ब्लॉक स्वस्त पडे आणि हलक्या कागदावरही स्वच्छ छापला जाई. दीनानाथ दलाल यांच्यासारखा रंगांचा बादशहाही शाईच्या दोन-चार फटकाऱ्यांत पदर, मान, अंबाडा उभा करत असे, पाठ मात्र काढत नसे. ती आपण भरून घ्यायचो. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी जी अक्षरे घडवली, तीही मुख्यतः काळ्या-पांढऱ्यातच. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते, त्यामुळे रेषेखाली अक्षरांच्या पोटात आणि दोन अक्षरांच्या मध्ये चमत्कारिक आकाराच्या पांढऱ्या जागा तयार होतात. गर्दीच्या पानावर इंचभर जागेत नाव उठून दिसायचे तर त्या पांढऱ्या जागाही तेवढ्याच नेमक्या कापाव्या लागतात. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मला सांगायचे आहे ते सिंगापूरच्या लाकडाबद्दल, आणि त्यासाठी आधी शांघायला जायला हवे.

चीनमध्ये लाकडी ठशांनी छापण्याची कला हजार वर्षांहून जुनी आहे. पण तिथे कामाची वाटणी असे. चित्रकार कागदावर चित्र काढी, तो कागद फळीवर चिकटवून कारागीर रेघा सोडून बाकीचे लाकूड काढी, आणि छापणारा तिसराच असे. पांढरे कोरणारा हात आणि चित्राचा विचार करणारे डोके वेगवेगळे. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये काही चित्रकारांनी ही वाटणी मोडली : काढणारा, कोरणारा, छापणारा एकच. ऑगस्ट १९३१ मध्ये लेखक लू शुन यांनी शांघायमध्ये तेरा तरुणांसाठी सहा दिवसांचा वर्ग भरवला. शिकवायला होते उचियामा काकिची, शांघायमधल्या एका जपानी पुस्तकविक्रेत्याचे धाकटे भाऊ. दुभाषाचे काम स्वतः लू शुन करत होते. पुढच्याच महिन्यात जपानने मांचुरियावर हल्ला केला आणि या वर्गातून निघालेली चळवळ पाहता पाहता जपानविरोधी चित्रांची चळवळ झाली. शिकवणारा जपानी, आणि शिकलेले हत्यार जपानी सैन्याविरुद्ध. इतिहासात असे फार वेळा घडते, पण इतक्या लवकर क्वचितच.

लू शुन यांना लाकूडच का हवे होते? लाकूड स्वस्त, कोरण्या स्वस्त, शिवाय फळी थेट खिळ्यांच्या शेजारी बसवून पुरवणीत छापता येते, ब्लॉक करून घ्यायला नको. आणखी एक कारण होते, ते अधिक खोल. फेब्रुवारी १९३१ मध्ये त्यांचा तरुण लेखक मित्र रौ शी याला सरकारने गोळ्या घातल्या. त्याबद्दल उघड लिहिण्याची सोय नव्हती. लू शुन यांनी काय केले, तर केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीची एक काष्ठमुद्रा मासिकात छापली. आपले तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे धरणारी आई, एवढेच चित्र. कोलविट्झबाईंचा मुलगा पहिल्या महायुद्धात १९१४ साली मारला गेला होता. ज्यांना समजायचे त्यांना समजले. श्रद्धांजलीचा मजकूर पानावर नव्हता. पण तो नव्हता म्हणूनच चित्र इतके बोलले.

ही लाट दोन दिशांनी पसरली. एक आपल्याकडे आली. चाळीसच्या दशकात चिनी काष्ठमुद्रा बंगालमधल्या तरुण चित्रकारांच्या हाती पडल्या. सोमनाथ होर यांनी त्यांचे आणि कोलविट्झबाईंचे ऋण मान्य केले आहे. चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी १९४३ च्या दुष्काळात मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरून शाईने रेखाटने केली. त्यांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक निघाले आणि ब्रिटिश सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. हेच चित्तप्रसाद १९४६ पासून मुंबईत, अंधेरीला एका खोलीत राहिले आणि तिथे बसून त्यांनी आपली उत्तम लिनोकट कोरली : रस्त्यावर काम करणारी मुले, शेतकरी, गिरणीतले लोक. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील तेव्हा त्याच अंधेरीहून लोकल पकडत असतील, शेजारी कोण राहतो हे ठाऊक नसताना.

दुसरी दिशा नानयांगची, म्हणजे दक्षिण समुद्राकडची. तीसच्या दशकात सिंगापूरच्या चिनी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून काष्ठमुद्रा आणि व्यंगचित्रे दिसू लागली. १९३८ मध्ये लिम हाक ताय यांनी नानयांग ललित कला अकादमी सुरू केली. आणि मग युद्ध आले.

इथे पुन्हा आपल्या धक्क्यापाशी यावे लागते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. १८ फेब्रुवारी ते ४ मार्च या काळात जपानी सैन्याने चिनी पुरुषांना तपासणीसाठी गोळा केले. या मोहिमेला ‘सूक चिंग’ म्हणतात. तपासणीतून जो सुटला त्याला शाईचा एक ठसा मिळे. कुणाला कागदावर, कुणाला सदऱ्यावर, कुणाला थेट दंडावर. ज्यांच्या अंगावर ठसा होता ते लोक तो पुसू नये म्हणून दिवसचे दिवस तेवढी जागा धूत नसत. ज्यांना ठसा मिळाला नाही त्यांना ट्रकमध्ये घालून नेले. अप्पर सेरंगून रस्त्याच्या परिसरात घरोघर शोध घेऊन सुमारे एक हजार पुरुष पकडले होते. त्यांतल्या तीनशे ते चारशे जणांना २८ फेब्रुवारी रोजी पुंगोलच्या किनाऱ्यावर, पाण्याच्या कडेला उभे करून गोळ्या घातल्या. साऱ्या बेटावर या मोहिमेत किती माणसे मेली, याचे आकडे पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत सांगितले जातात. एवढे मोठे अंतर राहावे यातच सगळे आले. नावे लिहून ठेवण्याची तसदी मारणाऱ्यांनी घेतली नव्हती. १९४७ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलमध्ये सात अधिकाऱ्यांवर खटला चालला. दोघांना फाशी झाली, पाच जणांना जन्मठेप.

मारल्या गेलेल्यांत चांग जू ची हे चित्रकारही होते. युद्धापूर्वीच्या सिंगापुरातले ते आघाडीचे चित्रकार आणि व्यंगचित्रकार. त्यांचे मित्र ल्यू कांग वाचले. पॅरिसमध्ये शिकलेला, पुढे बालीच्या रंगांनी नावाजला गेलेला हा माणूस. पण १९४६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले ते ‘चॉप सुई’ नावाचे काळ्या रेघांचे पुस्तक. जपानी अंमलात मलायात आणि सिंगापुरात काय काय घडले, त्याचे प्रसंग त्यात एकामागून एक आहेत, आणि काही पाहवत नाहीत. नाव मात्र हॉटेलातल्या मिसळ पदार्थाचे. मला ते नाव आधी खटकले होते. आता वाटते, ज्याने हे सगळे ऐकून काढले त्याला भारदस्त नाव देणे जमले नसावे. रंग त्यांना येत होते. तरीही या कामाला त्यांनी रंग वापरले नाहीत, याची नोंद घ्यावीशी वाटते.

युद्धात शाळकरी असलेली मुले पन्नासच्या दशकात चित्रकार झाली. ती कोरणी हातात घेऊनच. वसाहतीचे राज्य परत आले होते, संप होते, मोर्चे होते, चिनी शाळांतली मुले अस्वस्थ होती. १९५४ मध्ये सरकारने तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी नाव नोंदवायला लावले; ज्यांच्या शाळेला, भाषेला सरकार धड विचारत नव्हते, त्यांनी त्या सरकारसाठी बंदूक धरायची होती. १३ मे रोजी चिनी शाळांचे विद्यार्थी निवेदन द्यायला जमले आणि पोलिसांशी त्यांची झटापट झाली. चू केंग क्वांग या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाने त्याच वर्षी ते लाकडात कोरले. शीर्षक दिले फक्त तारीख : १९५४.५.१३. चित्राला नाव न देता तारीख देणारा माणूस साक्ष नोंदवत असतो.

१९६६ मध्ये सहा जणांनी मिळून केवळ काष्ठमुद्रांचे प्रदर्शन भरवले : लिम यू क्वान, सी चीन ती, फू ची सान, तान ती ची, चू केंग क्वांग आणि लिम मू ह्वे. स्वतंत्र सिंगापूरला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. या सहांतले लिम यू क्वान हे अकादमीच्या संस्थापकांचे चिरंजीव. त्यांची ‘आगीनंतर’ ही बुकित हो स्वी वस्तीवरची काष्ठमुद्रा त्याच वर्षाची आहे, आणि पुंगोलकरांनी ती जरूर पाहावी असे मला वाटते. २५ मे १९६१ रोजी, हरी राया हाजीच्या सुट्टीच्या दिवशी, बुकित हो स्वीच्या लाकडी झोपड्यांना आग लागली. चार माणसे मेली आणि सुमारे सोळा हजार बेघर झाली. गृहनिर्माण मंडळ, म्हणजे आपले एचडीबी, तेव्हा फक्त सव्वा वर्षाचे होते. त्या सोळा हजारांना घरे देण्याच्या धडपडीतच त्याचा दरारा निर्माण झाला. आज पुंगोलमध्ये आपण ज्या मजल्यांवर राहतो त्यांचा वंशवृक्ष काढला, तर तो तिथे जाऊन पोहोचतो.

यू क्वान यांनी हे चित्र कोरले तेव्हा आगीला पाच वर्षे झाली होती आणि त्या जागी नवे ब्लॉक उभे होते. वर्तमानपत्रांत त्या ब्लॉकचे फोटो येत होते, तेही रास्तच. यांनी मात्र आगही काढली नाही आणि नव्या इमारतीही काढल्या नाहीत. काढले ते मधले, जळून गेल्यानंतरचे. शाईने जळकी वस्ती काढायची तर काळे ओतत बसावे लागते. लाकडात काळे आधीच तिथे असते, ते फक्त शिल्लक ठेवायचे. उजेड, आकाश, माणसाच्या पाठीवरचे ऊन मात्र एकेक ढलपी काढून मिळवायचे. जळालेल्या लाकडाची गोष्ट लाकडाने सांगितली आहे, आणि त्यात जे जे उजळ आहे त्यासाठी कुणीतरी हात चालवला आहे.

सत्तरच्या दशकात ही चळवळ ओसरली. चित्रकार तैलरंगांकडे, बाटिककडे, शाईकडे वळले. संपांचे दिवस सरले, आणि ज्या गोष्टींसाठी कोरणी उचलली होती त्या चित्रात काढणे सोयीचेही राहिले नव्हते. काही जण म्हणतात की मुद्रण स्वस्त झाले म्हणून काष्ठमुद्रा मागे पडली. मला ते अर्धेच खरे वाटते.

या काळातल्या काष्ठमुद्रा नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहेत. कागदावरची कामे उजेडाने बिघडतात, त्यामुळे सगळी एकाच वेळी मांडलेली नसतात, जाण्यापूर्वी चौकशी करावी. पाहताना एक गंमत करा. काळ्या आकृत्यांवरून नजर काढून पांढऱ्या भागात न्या. तो कोरा कागदासारखा पांढरा नसतो. कोरणी जिथून गेली तिथे लाकडाचे बारीक कंगोरे उरतात, त्यांना थोडी शाई लागते, आणि पांढऱ्यात कुसळांसारख्या काळ्या खुणा उमटतात. त्यांवरून हात कुठल्या दिशेने चालला ते ओळखता येते.

पुंगोल पॉइंटला धक्क्याजवळ १९४२ ची आठवण देणारा फलक आहे. १९९५ साली ही जागा ऐतिहासिक म्हणून नोंदली गेली. रविवारी सायकली घेऊन आपण सगळे त्याच्यासमोरून जातो. १९९७ पर्यंत तिथल्या वाळूत खणताना माणसांच्या कवट्या सापडत होत्या. लेकीला मी हे सांगितले, थोडे सौम्य करून. तिने फलक पूर्ण वाचला आणि घरी येऊन लिनोचा दुसरा तुकडा मागितला.

या खेपेस तिने आधी काळ्या शाईने काळे भाग भरले, आरशात धरून नाव उलटे लिहिले आणि मग उरलेले कोरायला घेतले. समुद्र कोरायला तीन संध्याकाळी गेल्या. पाण्यावर कंगोऱ्यांच्या पुष्कळ काळ्या खुणा राहिल्या होत्या. साफ कर म्हटले तर नको म्हणाली. नावही सरळ छापून आले, फक्त ‘पुं’वरचा अनुस्वार भोवतीचे कोरताना निखळून पडला. टिंब तिने नंतर पेनने दिले.